आत कोणी असेल तर

हे खरं आहे. पटवून द्यायला मी लिहीत नाही. ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं, माझी हरकत नाही.

१६ मे २००६. मंगळवार. यवतमाळ. दत्त चौकामागे एका हार्डवेअरच्या दुकानावर पत्र्याची खोली होती. वर यायला बाहेरून लोखंडी जिना. आमचं ऑफिस ते.

रात्र नव्हती. भर दुपार होती. पत्र्याखाली पंखासुद्धा गरम वारा टाकायचा, आणि रोज एक वाजता लाईन जायची ती चारला यायची.

मी नाहिद. कळंब चौकात गॅरेज चालवणाऱ्या शाहिद मिस्त्रींची मुलगी. वय चोवीस. आमच्या घरातून खुर्चीवर बसून पगार घेणारी पहिली. रिजवान चच्चांना ते पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं. ऑफिसात भीती वाटते, एवढं जरी मी घरी बोलले असते, तरी दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची गेली असती.

म्हणजे घाबरायची मला सोयच नव्हती.

एवढं लक्षात ठेवा.

गुंता : ६१

रेघ ओढायची, गोल काढायचा, बंद आकारात रंग भरायचा. अशा कामांचे कोडचे शेकडो तुकडे एकत्र बांधले की त्याला ग्राफिक्स लायब्ररी म्हणतात. आम्ही ती बनवायचो, दुसरे लोक आपल्या सॉफ्टवेअरात वापरायचे. बंगळुरूची एक कंपनी ती घेणार होती, जिल्ह्यांचे नकाशे रंगवायला.

ती वर्षं कापसाची होती, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. बाहेरून कोणीही आलं की आमच्या जिल्ह्याचा नकाशा मागायचं. आणि तो लाल रंगातच मागायचं.

कंपनीच्या दोन अटी होत्या. कुठल्याही तुकड्याचा गुंता दहाच्या वर नको. आणि कोडचा जो भाग कधी चालतच नाही, तो ठेवायचा नाही.

गुंता मोजता येतो. अवघड नाही. कोडमधला प्रत्येक 'जर' म्हणजे रस्त्याला फुटलेला फाटा. फाटे मोजायचे, त्यात एक मिळवायचा. बस्स.

आमच्या रंग भरणाऱ्या तुकड्याचा आकडा आला... एकसष्ट.

तो तुकडा यज्ञेश्वरकाकांनी लिहिला होता. आयुष्यभर नकाशे हातानं ट्रेस करणारा माणूस, पंचेचाळिसाव्या वर्षी कोड शिकला. मागच्या मे महिन्यात ते झरी जामणीकडे गेले, नकाशा आणि गावं जुळतात का ते बघायला. पायी फिरायचे. तिकडेच ऊन लागून वारले. मी त्यांच्या जागेवर आले. खुर्ची तीच.

"शनिवारपर्यंत दहा," सलील सर म्हणाले. ऑफिस त्यांचं. "नाहीतर कंपनी दुसरीकडे जाईल, आणि मला शटर ओढावं लागेल. तू तुझ्या अब्बांकडे पंक्चर काढ, मी येतो हवा भरायला."

हसले. मी पण हसले. पण ते खरं बोलत होते.

गुंता : ११

एकसष्टचे सदतीस केले. सदतीसचे एकोणीस. मोठा तुकडा फोडून छोटे तुकडे करायचे, दोनदा विचारलेला प्रश्न एकदाच विचारायचा. सोमवारी रात्री आकडा अकरावर आला.

एक फाटा उरला.

तो असा होता:

जर आत कोणी असेल
तर तेवढी जागा सोडा.

वर काकांची टीप होती: "हा काढू नये. य."

मोठ्या आकाराच्या पोटात छोटा आकार असला, म्हणजे जंगलाच्या आत एखादी वस्ती असली, तर तिच्यावरून रंग फिरू नये, यासाठी तो होता. पण आमच्या माहितीच्या फाईलीत असा एकही आकार नव्हता. कोणता फाटा किती वेळा चालला हे सांगणारा रिपोर्ट काढला. त्या फाट्यापुढे शून्य. शंभर वेळा काढला. शंभर वेळा शून्य.

नियमाप्रमाणे काढायलाच हवा होता.

फक्त मी एक केलं. अब्बांच्या गॅरेजचा एक कायदा आहे. इंजिन परत जोडल्यावर एखादा नट उरला, तर तो फेकायचा नाही. फडक्यात बांधून हँडलला लटकवायचा. "बेटा, गाडी पहली खेप करके वापस आती, तब तक नट संभालने का." मी त्या दोन ओळी वहीत उतरवून घेतल्या.

मग पुसल्या.

गुंता : १०

मंगळवार, सकाळी अकरा. नकाशा काढला.

यवतमाळ जिल्हा. बाभुळगाव, राळेगाव, सगळे तालुके लाल. एकसारखे.

खाली झरी जामणीत... एक पांढरा ठिपका.

तांदळाच्या दाण्याएवढा.

जागा सोडणारा एकच फाटा होता, तो मी पुसला होता. आता कोडमध्ये जागा सोडायला काही नव्हतं. माहितीची फाईल बघितली. त्या ठिकाणी काहीही नाही. स्क्रीन पुसली. ठिपका तिथंच.

चूक माझी असणार म्हणून कोड वाचत बसले. लाईन गेली, आली. संध्याकाळी सहाला पुन्हा नकाशा काढला.

ठिपका होता...

पण झरीत नव्हता. वर सरकला होता. पांढरकवड्याच्या रस्त्यावर.

गुंता : १०

बुधवारी मी ठिपक्यावर लक्ष ठेवलं. दर तासाला नकाशा, दर तासाला प्रिंट. पट्टी लावून अंतर मोजलं, नकाशाच्या प्रमाणानं गुणलं.

ताशी चार किलोमीटर.

कधी थोडं जास्त. दुपारी कमी.

यंत्र असं चुकत नाही. यंत्र एकाच मापानं चुकतं. हे चालणं होतं.

आदल्या संध्याकाळी जिथं होता, त्याच्या जवळपासच तो सकाळी सापडला होता. रात्री थांबला असावा.

कांताबाई झाडायला आल्या. टेबलावर प्रिंटांची चळत बघून म्हणाल्या, "काहून वो बाई, सारा जिल्हा कायले छापून राह्यल्या?"

"ठिपका मोजतेय."

त्यांनी वाकून बघितलं. बोटानं एकेका प्रिंटवरून रस्ता धरला, झरीपासून पांढरकवड्यापर्यंत. मग बोट एकदम उचललं.

"काका याच वाटेनं गेलते."

"कोण काका?"

"यज्ञेश्वरकाका. मंगळवारी गेलते. मले सांगून गेलते, शुक्रवारी दुपारी येतो म्हून." झाडू उचलून त्या दारापाशी गेल्या. "तुम्ही शुक्रवारी सुट्टी घ्या बाई. मी तं घेतो."

"मी नाही घेणार."

"मंग बसा."

खरं सांगते, त्या रात्री मला झोप आली नाही. अम्मीनं विचारलं, काय झालं. म्हटलं, गरमी.

गुरुवारी ठिपका मोहद्याच्या पुढे. संध्याकाळी जोडमोह्याच्या अलीकडे.

मी ठरवलं होतं. काम माझं, खुर्ची माझी. कोणी येत असेल तर येऊ दे. मी उठणार नाही.

गुंता : १०

शुक्रवार, १९ मे.

सलील सर नागपूरला गेलेले. कांताबाई सकाळीच माठ भरून निघून गेल्या. खालचं दुकान बंद.

बारा वाजता ठिपका यवतमाळच्या वेशीवर होता.

पावणेएकला नकाशा मोठा करून बघितला. शहर. चौक. आमची गल्ली.

एक वाजता लाईन गेली. पंखा हळू होत होत थांबला. टेबलाखाली यूपीएस ओरडू लागला. टूं... टूं... त्याच्यावर दहा मिनिटं काढता येत.

मी पुन्हा नकाशा काढला.

सगळा लाल.

ठिपका... नव्हता.

वर नाही, खाली नाही, कुठेच नाही. नकाशावर जो चालत होता, तो नकाशावर राहिला नव्हता.

यूपीएस बंद पडला. स्क्रीन काळी झाली.

खूप शांत झालं. दुपारी गल्लीत काहीतरी आवाज असतोच, रिक्षा, भांडी, एखादा रेडिओ. त्या क्षणी एकही नव्हता.

मग जिना वाजला.

एक पायरी.

थांबला.

दुसरी.

दमलेला माणूस चढतो तसं. एका चपलेचा अंगठा तुटलेला असावा, ती घासत होती. मी पायऱ्या मोजल्या. मोजणं माझ्या हातात होतं, म्हणून मोजल्या. आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या.

सतरा झाल्या.

दार उघडंच होतं. दारात ऊन होतं. दुसरं काही नाही.

माझे हात टेबलाला घट्ट चिकटले होते. पळायचं तर त्याच दारातून, त्याच जिन्यानं. आणि खाली गेले की घरापर्यंत रडत जाणार, आणि संध्याकाळपर्यंत चच्चांना कळणार.

मी उठले नाही.

कोपऱ्यात माठ होता...

त्याच्यावरची ताटली सरकली.

ओगराळं आत गेलं. पाण्याचा आवाज. मग पिण्याचा. घटाघटा. श्वास न घेता. पुन्हा ओगराळं. पुन्हा. मला ओगराळं दिसत होतं. ते भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं, आणि हललंसुद्धा नाही. आवाज मात्र येत होता.

किती वेळ, माहीत नाही.

थांबला तेव्हा मी बोलले. आवाज चिरकला, तरी बोलले.

"काका, पाणी प्या. सगळं प्या. पण खुर्ची आता माझी आहे. मी उठणार नाही."

काही नाही.

"तुमचा फाटा मी फेकला नाही. वहीत आहे."

माझ्या मागे, अगदी मानेजवळ, कोणीतरी श्वास सोडला. उन्हात तापलेल्या मातीचा वास आला.

मग एकामागून एक सतरा पायऱ्या. उतरत.

चार वाजता लाईन आली. मी तिथंच बसलेली होते. माठापाशी जाऊन बघितलं. सकाळी काठोकाठ भरलेला माठ... कोरडा होता. तळाला बोट लावलं तर बोट ओलं झालं नाही.

गुंता : ११

वही उघडली. दोन ओळी परत लिहिल्या.

जर आत कोणी असेल
तर तेवढी जागा सोडा.

नकाशा काढला. झरी जामणीत जंगलाच्या आत पांढरी जागा आली. ठिपका नव्हे, वस्तीचा नीट आकार. संध्याकाळपर्यंत दर तासाला काढला. ती हलली नाही.

माहितीच्या फाईलीत त्या जागी आजही काही नाही.

मग शेवटच्या नकाशाचा रिपोर्ट काढला. त्या फाट्यापुढे लिहून आलं: चालला. वेळा: १.

शनिवारी सलील सर आले. उभ्यानंच आकडा बघितला.

"अकरा."

"हो."

"नियम दहाचा आहे, नाहिद."

"हा फाटा आहे तिथंच राहणार. दुसरीकडे हलवायचा नाही, काढायचा नाही."

"न चालणारा कोड ते घेत नाहीत."

"चालतो. रिपोर्ट बघा."

त्यांनी बघितला. खुर्ची ओढून बसले. बराच वेळ त्या एकच्या आकड्याकडे बघत राहिले.

"काल?"

"काल."

"तो..." त्यांनी माठाकडे बघितलं. "तो पाणी प्यायला का?"

पाण्याचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत?"

सर खाली बघत बोलले. "मरायच्या आदल्या दिवशी यज्ञेश्वरनं पांढरकवड्याच्या एसटीडीवरून फोन केला होता. म्हणाला, जंगलात कोलाम आदिवासींचा एक पोड आहे, तीस घरांची वस्ती, नकाशात नाही. हापशी कोरडी आहे, बाया दोन कोसावरून पाणी आणतात. मी त्यांच्यातलं प्यायलो नाही. नकाशात टाका, म्हणजे कोणीतरी येईल. मी म्हटलं, परत ये, तीस घरांसाठी नकाशा थांबत नसतो. तो म्हणाला, मी मोजमाप घेऊनच येतो, शुक्रवारी." ते थांबले. "हापशीपाशीच सापडला."

मी वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली.

"पाठव," ते म्हणाले. "अकराच पाठव. शटर ओढायचं तर ओढू."

कंपनीचं उत्तर आठ दिवसांनी आलं. विचारलं होतं, हा फाटा कोणत्या माहितीवर चालला? मी परत लिहिलं: आत कोणीतरी होतं, त्यावर. काढणार नाही. पाहिजे तर घ्या.

त्यांनी लायब्ररी घेतली. का, ते मला माहीत नाही.

शटर ओढावं लागलं नाही. खोली आता सिमेंटची आहे, जिना मात्र तोच ठेवलाय. सलील सर वारल्यापासून ऑफिस मी चालवते. नवीन मुली येतात, आकडा बघून विचारतात, मॅडम, हा एकच अकरा का? मी सांगते, हात लावायचा नाही.

दर मे महिन्यात, तिसऱ्या शुक्रवारी, सगळ्यांना सुट्टी देते. एकटी बसते. माठ भरते. एक वाजता सगळं बंद करते. चारला रिपोर्ट काढते.

दर वर्षी फाट्यापुढे एक.

गेल्या मे महिन्यात जिना वाजला तेव्हा मी नेहमीसारख्या पायऱ्या मोजल्या. सतरा झाल्या.

आणि मग... परत एकपासून सुरू झाल्या.

रिपोर्टमध्ये आकडा आला दोन.

दुसरं कोण, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, मागे वळूनही बघितलं नाही. यंदा माठ मोठा घेतलाय.

खुर्ची माझीच आहे.