भरदुपारी लागलेले दिवे

खोटं सांगून मला काही मिळणार नाही, उलट चारचौघांत माझंच हसं होईल. पण हे घडलंय. माझ्याबरोबर, गेल्या उन्हाळ्यात, मावशीच्या अंगणात.

तेही रात्री नाही. दुपारी बाराच्या लख्ख उन्हात.

मी वायरमन आहे. मावशीच्या फाटकापासून पायरीपर्यंत सात सोलर दिवे होते, काकांनी हौसेने लावलेले. काका गेले आणि दोन महिन्यांत दिवे संध्याकाळी लागेनासे झाले. मावशीला अंधारात कमी दिसतं. एकदा पडलीही. तिच्या मुलीने निक्षून सांगितलं होतं, आज दिवे लागले नाहीत तर घराला कुलूप लावून आईला घेऊन जाणार.

मी पहिला दिवा उपटला.

बॅटरी ठीक. स्विच ठीक. वायर ठीक.

पण वरच्या काचेवर... पिवळट, चिकट थर.

बोट लावून उचललं तर पाकासारखी तार सुटली. त्यात कातडीचे पापुद्रे होते. वास आला, आणि तो ओळखीचा होता. शेवटी शेवटी काकांचे तळहात चिघळले होते. मलमाचा आणि पुवाचा तो वास.

सातही काचांवर तेच. पाखरांची घाण असेल, अशी मनाची समजूत घालून मी सगळं साबणाने घासून काढलं.

सोलर दिवा दिवसा तपासायचा तर काचेवर तळहात ठेवायचा. दिव्याला वाटतं अंधार पडला, तो लागतो. काका रोज दुपारी जेवण झालं की असेच सातही तपासत जायचे.

मी तसंच केलं. सातही लागले. सहा जागच्या जागी रोवले, शेवटचा पायरीजवळ रोवायला हातात घेतला, तेवढ्यात...

फाटकाजवळचा दिवा लागला.

तिथे कुणी नव्हतं. सावलीसुद्धा नव्हती.

तो विझला. दुसरा लागला.

मग तिसरा...

दिवसभर हेच चालत असेल तर बॅटरी भरणार कधी? बिघाड सापडला होता आणि मी सातवा दिवा हातात धरून बघत होतो.

सहावा विझला... आणि माझ्या बोटांवर काहीतरी ओलं, कोमट टेकलं. ते माझा हात धरू पाहत होतं.

मला शिसारी आली. मी हात झटकला. दिवा फरशीवर पडून फुटला.

मावशी दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"हॉस्पिटलातही तू असाच हात काढून घेतलास," ती म्हणाली. "ते शेवटपर्यंत तुझ्याकडेच बघत होते रे."

त्या संध्याकाळी एकही दिवा लागला नाही. मुलगी मावशीला घेऊन गेली.

मी अजून दिवसातून दहा वेळा हात धुतो. वास जात नाही.

शेजारी सांगतात, त्या बंद घराच्या अंगणात भरदुपारी दिवे लागतात. एकामागून एक, सहा.

सहाव्यानंतर तो हात काय शोधत असेल, ते मला माहीत आहे. म्हणून मी तिकडे फिरकत नाही.