तापीची रेती

दुपारच्या पहाऱ्याला कोणी उभं राहत नाही, म्हणून तो रत्नाचा. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. एकानं दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, एकमेकांच्या पाया पडायचं, की झाली बदली. पूर्वी वीणेसाठी माणसं भांडायची. आता शिरपूर तालुक्यातल्या या तापीकाठच्या गावात अर्ध्या घरांना कुलपं, आणि किल्ल्या सुरतेत. मग लेकीबाळींनी वीणा घेतली. मुक्ताईच्या मुलखात बाईच्या गळ्यातल्या वीणेला कोण नाव ठेवणार?

त्या दिवशी कमलबाईंची वेळ झाली तरी कमलबाई आल्या नाहीत. रत्नाचा खांदा भरून आला. मंडपात ती, समईची वात, आणि बाहेरून येणारा निंबाच्या मोहोराचा वास. नाम घ्यावं तर भिंतीवरून आपलाच आवाज परत यायचा. देव ऐकतो हे खरंच... पण एखाद्या वेळी माणसानंही ऐकावंसं वाटतं.

"रामकृष्णहरी," ती म्हणाली.

"रामकृष्णहरी," खांबाआडून कोणीतरी झेललं.

चपला हातात घेतलेला एक मुलगा उभा होता. "मावशीला ताप आलाय. कमलबाई माझी मावशी. सप्ताहासाठी सुरतेहून आलोय. तिनं मला पाठवलं."

"वीणा धरता येते?"

"शिकवली तर येईल."

तिनं वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि रीतीप्रमाणे वाकली. तोही त्याच क्षणी वाकला. टाळक्याला टाळकं आपटलं.

"आता आणखी एकदा आपटायला पाहिजे," तो कपाळ चोळत म्हणाला. "नाहीतर शिंगं फुटतात."

"फुटू द्या. तुम्हाला शोभतील."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "तुनं नाव काय शे?"

रत्ना बघतच राहिली. सुरतेचा मुलगा, आणि बोली मात्र तिच्या आईसारखी... आई गेल्यापासून इतक्या हळुवार सुरात तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

त्याचं नाव योगेंद्र. जन्म सुरतेचा, काम साड्यांवरच्या नक्ष्या कॉम्प्युटरवर काढायचं. मावशीचा ताप उतरला तरी पहारा त्यानं सोडला नाही. उलट पाळीच्या आधीच येऊन बसू लागला.

"तुमची सुरत आहे तरी कशी?" रत्नानं एकदा विचारलं.

"दाट. खिडकीतून हात काढला तर समोरच्याच्या ताटात पडतो."

"मग जेवणाची सोय चांगली आहे म्हणायची."

"एके काळी मोठं बंदर होतं. चौऱ्यांशी देशांचे झेंडे फडकायचे म्हणे."

"आमच्या महाराजांनी लुटली ती."

"लुटली, जळाली, पुरात बुडाली. पण बंदर बुजवलं कोणी, माहीत आहे? तुम्ही लोकांनी."

"आम्ही?"

"तापीच्या मुखाशी रेती साचली. जहाजं मुंबईला गेली. ती रेती आली कुठून? वरून. तुमच्याच काठावरून."

"अगं बाई..."

"आधी रेती पाठवून बंदर बुजवलं, आता माणसं पाठवून गल्ल्या बुजवताय."

रत्ना इतकी हसली की गळ्यातल्या वीणेची तार आपोआप झणकारली. मग हसू ओसरलं. "त्या माणसांत माझा भाऊही आहे. समाधान. दर आखाजीच्या सणाला येतो म्हणतो." ती वीणेकडे पाहत राहिली. "आता फोनवर मी त्याला 'ये' म्हणत नाही. कोणालाच म्हणत नाही. म्हटलं नाही, की वाट पाहावी लागत नाही."

योगेंद्रनं समईची वात पुढं सारली.

"जहाजं गेल्यावर कोण राहिलं हो तिथं?" तिनं विचारलं.

"ज्यांच्या घरी माग होते, ते. त्यांनी खटखट चालू ठेवली."

"एकट्यांनी?"

"एकट्यांनी नाही चालत ती," तो म्हणाला, आणि नजर तिच्या नजरेला भिडताच दोघंही नाम घेऊ लागले.

संध्याकाळी कीर्तनात महाराजांनी गोपींचा विरह लावला होता. टाळ थांबवून म्हणाले, "बाबांनो, रुसून बसणारा घरात बसतो. हाक मारायला मान खाली घालावी लागते. पण देव हाकेमागं जातो, मानामागं नाही." रत्नानं पदर तोंडाला लावला. शेजारच्या बायांना वाटलं, खोकला आला असेल.

काल्याच्या दिवशी दही-लाह्या वाटून झाल्या, वीणा जागेवर गेली. योगेंद्र बॅग घेऊन फाट्यावर उभा होता. दोंडाईच्याहून त्याची सुरतेची रेल्वे होती. रत्ना डब्यात प्रसाद घेऊन आली.

"जातो मी," तो म्हणाला.

"असं म्हणू नये. 'येतो' म्हणावं."

"आमच्या गल्लीतला प्रत्येक माणूस इथून 'येतो' म्हणूनच निघालाय, रत्ना. तुझ्याशी तसं खोटं नाही बोलवत. मला 'ये' म्हणणारं इथं कोणी असेल... तरच तो शब्द माझा."

बस वळणावर दिसली. रत्नानं डबा त्याच्या हातात दिला.

"आणि मी म्हटलं, नि तुम्ही आलाच नाहीत तर?"

"तर माझ्यावर रागावशील." तो थांबला. "आता तर ज्याच्यावर रागवावं असंही तुझ्याकडे कोणी नाही."

बस थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. तो पायरीवर चढला. घंटी वाजली, चाकं हलली... तेव्हा कुठं तिच्या गळ्यातून आवाज फुटला, तोही आईच्या बोलीत.

"येजो."

"येतो," तो म्हणाला.

धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच उभी होती. मग मोकळ्या गल्लीतून, कुलपं लावलेल्या दारांवरून घरी आली. ओट्यावर तिचे वडील, गिरधर आबा, टाळांच्या दोऱ्या सोडवत बसले होते.

"गया का वं तो?"

"येतो म्हणाला."

आबांचे हात थांबले. असं उत्तर त्यांनी या गावात पुष्कळ ओट्यांवर ऐकलं होतं. "पोरी," ते जपून म्हणाले, "बठ्ठाच म्हणतस तसं."

"सगळेच म्हणतात, माहीत आहे, आबा." ती त्यांच्याशेजारी बसली. ओट्यासमोर सूर्य तापीकडे उतरत होता आणि गावात कुठं भांडंसुद्धा वाजत नव्हतं. "पण या वेळी मी बोलावलंय."