वेलप्पनचा साचा

ओट्टपालमजवळ, नदीकाठच्या देवळाच्या भोजनशाळेचं छप्पर मी आणि कुमारन करत होतो. सागाचे छत्तीस वासे. प्रत्येकात ठरल्या जागी एक चौकोनी भोक, आणि सगळ्या भोकांतून आरपार ओवायची लांब पट्टी. एक भोक चुकलं की पट्टी अडते.

त्यासाठी साचा. फणसाच्या लाकडाची बिनबुडाची पेटी. वाशावर बसवायची आणि तिच्या फटीतून पटाशी चालवायची. माझ्या थोरल्या भावानं, वेलप्पननं, तो घरीच केला होता. गेल्या वर्षी असंच एक छप्पर चढवताना वेलप्पन वरून पडला आणि गेला.

पहिला वासा कोरला. भोक बोटभर खाली.

"चष्मा बदल, म्हाताऱ्या," कुमारन म्हणाला.

साच्याला गुण्या लावून पाहिला. बरोबर. वाशावरची खूण बरोबर. दुसरंही भोक बोटभर खाली. मग कुमारननं स्वतः कोरलं. तेच.

मी नवा साचा केला. चौथा वासाही तसाच गेला.

कुमारनचं हसणं थांबलं. "चाथू, हे आपल्या हातचं नाही. तुला काही ठाऊक आहे का?"

ठाऊक होतं. गेल्या वर्षीच्या त्या छपराचा एक वासा मी घाईत, साच्याशिवाय, नजरेनंच कोरला होता. भोक बोटभर खाली गेलं. मी ते फाचर मारून बुजवलं, लगेच वर दुसरं पाडलं, कुणाला बोललो नाही. वेलप्पन त्याच वाशावर उभा होता. वासा भोकापाशी मोडला. खाली लाकडांचा ढीग झाला होता, त्यात कोण काय पाहणार! तोल गेला, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

दुपारी माधवीवहिनीकडे गेलो. ती अंगणात चिंच फोडत बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत.

"तोल जाणारा माणूस नव्हता तो," ती म्हणाली. "वर्षभर ओरडून सांगतेय. तूसुद्धा मान हलवायचास."

"वहिनी..."

"जा. काम असेल तुझं."

नेहमीसारखं पेज पिऊन जा, म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून भोकं जागेवर पडू लागली. गेलेल्या चार वाशांच्या जागी नवे आणले. आठवड्यानं सगळे वासे चढले.

पट्टी ओवायला मी पूर्वेच्या टोकाला बसलो. ऊन चांगलं होतं, नदीवर कपडे आपटल्याचा आवाज येत होता. कुमारन पश्चिमेच्या टोकाला जाऊन पट्टी ओढणार होता. वाशांच्या गर्दीत ते टोक दिसत नव्हतं.

मी पट्टी घातली. पलीकडून ओढ आली. अलगद, सराईत.

"सावकाश रे," मी ओरडलो.

"कुणाला सांगतोस?" कुमारनचा आवाज खालून आला. तो अंगणात उभा होता, हातात पाण्याचा तांब्या. "चढतोय ना, थांब जरा."

मी हात काढून घेतला.

पट्टी सरकत राहिली.