निळ्या डोळ्यांचा बिबट्या

“‘...अग्निवेशनं मधुराला जवळ ओढलं आणि आभाळ हादरेल अशी डरकाळी फोडली.’ आत्या, बिबट्या डरकाळी नाही फोडत.”

“तू वाच.”

“अगं, करवतीनं लाकूड कापल्यासारखा आवाज असतो त्याचा. खर्र... खर्र...”

“सलिल, ऑपरेशन माझ्या डोळ्याचं झालंय, कानाचं नाही. पुढे वाच.”

डोंबिवली पूर्वेच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी बाबांची वाट बघत बसलेले. बाहेर ऊन होतं आणि उन्हातच पाऊस पडत होता. माझ्या मागच्या बाकावर काळा चष्मा लावलेल्या, सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी हा भाचा, हातात मोबाइल घेऊन. तो ‘चांदणठसा’ वाचत होता... माझी मोबाइलवरची कथामालिका!

पाच वर्षं, दर शुक्रवारी एक भाग, असे आजवर दोनशे साठ. माणसाचा बिबट्या होणारा अग्निवेश आणि कल्याणच्या लायब्ररीत काम करणारी मधुरा. लेखिका ‘यामिनी’, म्हणजे मीच, ऋजुता. हे फक्त घरच्यांना आणि माझी संपादक ऐश्वर्या हिला माहीत होतं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. या मालिकेसाठी मी बँकेतली नोकरी सोडली होती, आणि एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं.

“‘मग त्याचे ओठ...’ हं... हं... ‘आणि सकाळ झाली.’”

“मधलं गाळलंस तू.”

“विशेष काही नव्हतं गं.”

“तुझे कान लाल झालेत. ते मला एका डोळ्यानंही दिसतंय.”

आता मात्र मला राहवेना. मी मागे वळले आणि म्हटलं, “‘मग त्याचे ओठ तिच्या कपाळावर टेकले आणि तिथेच थांबले, तिच्या होकाराची वाट बघत.’ असं आहे मधलं.”

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. त्यानं मोबाइलमध्ये बघून खात्री करून घेतली.

“शब्द न् शब्द बरोबर! तुम्ही पण वाचता हे?”

“मी लिहिते.”

त्याच्या आत्यांनी, सरोजताईंनी, माझा हात दोन्ही हातांत धरला. तो मात्र एकदम उठून उभा राहिला... वर्गात चोरून खाताना पकडल्यासारखा. मग हसला. डाव्या गालावर त्याला एक खळी पडायची. अग्निवेशला मी ती कधी का दिली नाही, असं मला वाटून गेलं.

“सॉरी,” तो म्हणाला. “म्हणजे... गाळल्याबद्दल सॉरी. डरकाळीबद्दल नाही.”

“का?”

“येऊरच्या जंगलात कॅमेरे लावून बिबटे मोजतो मी. सहा वर्षं. एकानंही अजून डरकाळी फोडली नाही. आणि त्यांचे डोळे निळे नसतात हो. निळा डोळा म्हणजे... मोतीबिंदूच असणार.”

“दाखवा मग तुमचा बिबट्या,” मी म्हटलं. “खरा आवडला तर लिहीन.”

पुढच्याच आठवड्यात मी ठाण्याला गेले. त्याच्या ऑफिसात त्यानं मला फोटो दाखवले. ओढ्यावर वाकून पाणी पिणारी मादी, तिच्या शेपटीशी खेळणारी दोन पिल्लं, आणि एका फोटोत कॅमेऱ्याचाच वास घेणारं ओलं नाक. मग एका सकाळी परवानगीचं पत्र काढून तो मला जंगलात घेऊन गेला. कॅमेऱ्याची कार्डं बदलायची होती. वाटेत एका जागी तो एकदम खाली बसला आणि मला हातानंच खुणावलं.

ओल्या मातीत पंजाचा ठसा होता. चार बोटं आणि मागे गादी. कडा अजून कोसळल्या नव्हत्या.

“पहाटे गेलाय इथून,” तो हळूच म्हणाला.

मी तो ठसा बघत बसले. दोनशे साठ भाग लिहिलेले, पण अंगावर असा काटा एकदाही आला नव्हता.

“काय झालं? गप्प का?”

“शब्द शोधतेय.”

“तुमच्याकडे संपले?”

“माझ्याकडे शब्द कधीच संपत नाहीत, सलिल. निवडतेय.”

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मीही नजर वळवली नाही. शेवटी त्यानंच कार्डाची डबी उघडली... आणि उलटी उघडली. सगळी कार्डं पाल्यात सांडली. ती वेचताना आमची बोटं दोनदा एकमेकांना लागली. दुसऱ्यांदा लागली ती मुद्दामच... माझी.

त्यानंतर ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते कळलंच नाही. दर बुधवारी मी त्याला नवा भाग पाठवायचे, गुरुवारी तो चुका लावून परत करायचा. ‘बिबट्या इतका बोलत नाही.’ ‘माझा बोलतो.’ ‘पावसात तो असा नाचणार नाही, आडोशाला बसेल.’ ‘तू बस आडोशाला.’ सरोजताईंचा डोळा महिन्याभरात स्वच्छ झाला, तरी त्या दर शनिवारी त्याला वाचायला बोलवायच्या, आणि मला पोहे खायला. आणि आता तो मधलं काही गाळत नसे.

मग ऑक्टोबरात ठाण्यात, जंगलाला लागून असलेल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहाटे बिबट्या शिरला. लोक काठ्या घेऊन धावले, त्याला कोपऱ्यात कोंडलं, फटाके लावले. घाबरलेल्या जनावरानं वॉचमनचा हात ओरबाडला आणि भिंतीवरून उडी मारताना स्वतःचा पाय मोडून घेतला. दिवसभर सगळ्यांच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ फिरत होता.

संध्याकाळी ऐश्वर्याचा फोन आला. “ऋजुता, हाच शुक्रवार! अग्निवेश सोसायटीत घुसतो, माणसं फाडतो. लोक तुटून पडतील वाचायला.”

मी “बघते” म्हणाले, आणि ते सलिलला सांगितलं. तिथेच चुकलं. पहाटेपासून तो त्या बिबट्यामागे धावपळ करत होता. वनखात्यानं उपचारासाठी नेलेलं ते जनावर त्याच्या ओळखीचं होतं. ओढ्यावरच्या त्या जुन्या फोटोतल्या दोन पिल्लांतलाच एक, आता मोठा झालेला.

“लिही ना,” तो म्हणाला. “तुझे लाखभर वाचक उद्या काठ्या घेऊन उभे राहतील.”

“माझ्या वाचकांना कथा आणि खरं यातला फरक कळतो.”

“मग लोक बिबट्याला भितात कशाला? गोष्टी ऐकूनच भितात ना? तुझ्यासाठी तो फक्त... खेळ आहे, ऋजुता.”

“खेळ?” माझा आवाज चढला. “पाच वर्षं बायका बिबट्याच्या प्रेमात पडतायत, त्या माझ्यामुळे. तुझ्या तक्त्यांमुळे किती पडल्या?”

तो उठला आणि निघून गेला.

दोन दिवस मला त्याचा राग होता. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की त्याचं अर्धं चुकलं होतं आणि अर्धं बरोबर होतं. गोष्ट ऐकून लोक भितात, हे खरंच. पण मग गोष्ट ऐकून ते शहाणेही होऊ शकतात. आणि गोष्ट सांगणं हे माझं काम आहे... ते मला उत्तम येतं.

मी ऐश्वर्याला फोन केला. “अग्निवेश सोसायटीत शिरेल. पण कुणाला फाडणार नाही.”

“मग लोक वाचतील कशाला?”

“मी लिहिलंय म्हणून.”

त्या भागात अग्निवेश माणूस होतच नाही. जखमी, घाबरलेला, तो पार्किंगच्या कोपऱ्यात दडलेला असतो. वर गॅलऱ्यांत लोक आरडाओरडा करत असतात. मधुरा जिन्यात उभी राहून एकेका घरावर टकटक करते... खाली उतरू नका, गलका करू नका, गेट उघडं टाका, वाट मोकळी सोडा, आणि वनखात्याला फोन लावा. मग सगळी सोसायटी श्वास रोखून थांबते, आणि तो तिच्यासमोरून, तिच्याकडे न बघता, निघून जातो. ते लिहिताना मी रडले. शुक्रवारी तो भाग आला. इतका कुठलाच भाग वाचला गेला नव्हता. सलिलचा मात्र एक शब्द आला नाही.

पुढच्या रविवारी त्याच सोसायटीत रहिवाशांची सभा होती. सलिल बोलणार होता. सरोजताईंनी मला कळवलं आणि मी गेले, शेवटच्या रांगेत बसले. तो पडद्यावर नकाशे दाखवत होता आणि समोर नुसता गोंधळ चाललेला. “पिंजरे लावा!” “सगळे उचलून न्या इथून!” एवढ्यात रंगूबाई उभ्या राहिल्या. त्या येऊरच्या पाड्यातून येऊन तिथल्या चार घरांत काम करायच्या.

“आमच्या पाड्यात तो रोजचाच येतो न् जातो,” त्या म्हणाल्या. “आम्ही वाट सोडतो.”

“हो, तसंच होतं ना त्या भागात!” पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली. “मधुरा सांगते तसं. गलका नाही, गेट उघडं.”

“मी पण वाचलंय,” तिच्या मागची म्हणाली. तिसरीनं तर नवऱ्याला खाली बसवलं. “तुम्ही काठी घेऊन धावलेलात ना? बसा आता आणि ऐका ते काय सांगतायत.”

हळूहळू सभा शांत झाली. सलिल बोलायचा थांबला होता. त्याची नजर रांगांवरून फिरत फिरत माझ्यापर्यंत आली... आणि तिथेच राहिली.

सभा संपल्यावर आम्ही तलावपाळीला गेलो. कठड्याला टेकून उभे राहिलो. पाण्यावर होड्या डुलत होत्या, कणसांचा खरपूस वास येत होता.

“तो बिबट्या बरा आहे,” सलिल म्हणाला. “पाय जुळतोय. महिन्याभरात जंगलात सोडतील परत.” मग जरा थांबून म्हणाला, “मी... त्या दिवशी... खेळ म्हणालेलो. चुकलं माझं. सहा वर्षांत मला जे जमलं नाही, ते तू एका शुक्रवारात केलंस.”

“तुझ्याशिवाय जमलं नसतं. आधीचा अग्निवेश असता, तर त्यानं सोसायटी उलथून टाकली असती.”

तो हसला. मग कठड्यावर बोटानं रेघा ओढू लागला. “ऋजुता... मला एक... म्हणजे बरेच दिवस मी विचार करतोय की...”

“सलिल, या वाक्यात पुढे काय आहे ते मला माहितीये. मदत करू?”

“नको!” तो घाईनं म्हणाला. कान पार लाल झाले होते. त्यानं श्वास घेतला आणि माझा हात हातात घेतला. “माझं प्रेम आहे तुझ्यावर. तुझ्याइतकं छान नाही येत मला बोलता... पण आहे.”

पाच वर्षं मी दुसऱ्यांसाठी हे प्रसंग लिहीत आले. कुठे थांबायचं, कुठे लाजायचं, होकार किती लांबवायचा, हे सगळं मला पाठ आहे. मी त्यातलं काहीच केलं नाही.

“माझंही आहे,” मी म्हटलं. “चल, आत्यांना आत्ताच फोन करू. आणि हो, मीच सांगणार.”