रत्नम्माच्या माळावरचा पंखा

मंठाळच्या पल्याड, उघड्या माळावर रत्नम्माचं एकच घर. विजेची तार तिथवर कधी गेलीच न्हाई. म्हणून दारातल्या खांबावर पवनपंखा अन् पत्र्यावर सोलरच्या प्लेटा. दोन्हीची वीज एकाच बॅटरीत. त्या विजेवर तिचा नवरा लिंगराज जगायलाय. छातीचं जुनं दुखणं, नाकात नळी, खाटंखाली ऑक्सिजनची मशीन घुरघुर करायली.

गुरुलिंग मिस्त्री भालकीवरनं दुपारी तपासायला आला. तीन दिस झालं, आभाळ गच्च अन् वारं ठार बंद. प्लेटा मेल्यागत. पंखा मात्र फिरायलाय.

"अक्का, वारं कुठंय?"

"मला कामून इचारतूस? मिस्त्री तू हायस." रत्नम्मा गालात हसली. "आदी च्या पी. चूल तेवढी तूच फुंक, अप्पा. मला जमंना."

गुरुलिंगनं फुंकणी घेतली. एका फुंकरीत जाळ झाला. धूर काठीवाणी सरळ वर गेला, इकडं न्हाई की तिकडं न्हाई. मग बशीत च्या ओतून त्यानं फुंकर घातली, तशा च्यावर सुरकुत्या उठल्या.

बाहीर येऊन तो खांबाला टेकला. लिंबाचं पान हलंना. पंखा फिरायचा, दम खायचा, पुन्हा फिरायचा. आतनं लिंगराजचा श्वास ऐकू यायला. तोच ताल.

मिस्त्रीच्या मानंवर काटा आला.

"बेरिंग गेलंय, दुसरं काय," असं मोठ्यानं म्हणून त्यानं ब्रेक ओढला. दोन मिनटं बॅटरी तग धरील, असा त्याचा अंदाज.

पंखा थांबला. मशीन बी थांबली. बॅटरी कवाच कोरडी पडली व्हती.

आत लिंगराजचे ओठ निळे पडायले.

गुरुलिंगनं ब्रेक सोडला. पातं हलंना. लांब बांबूनं ढकललं. अर्धा फेरा झाला अन् थांबलं.

रत्नम्मा दारात आली. "फुंक."

"काय?"

"खांबाखाली उभा ऱ्हा अन् फुंक, अप्पा. माझी फुंकर परवाच सरली."

त्याला हसूच येणार व्हतं. तेवढ्यात आत खाट वाजली.

त्यानं तोंड वर केलं. फुंकलं.

वीस फूट वर पातं हललं.

मग फिरलंच.

मशीन घुरघुरली. लिंगराजनं डोळं उघडलं. रत्नम्मानं मिस्त्रीच्या हातावर गुळाचा खडा ठिवला. त्याच्या तोंडाकडं मात्र तिनं बघितलं न्हाई.

सांजंला भालकीत, घरी, बायको शिवलीलानं च्या पुढं केला.

"लई वारं हाय का वो माळाला? तोंड पार सुकलंय तुमचं."

"न्हाई. पान बी हलंना."

त्यानं बशीत च्या ओतला. फुंकर घातली. थांबला. गाल फुगवून पुन्हा घातली.

वाफ काठीवाणी सरळ वर गेली. च्यावर एक बी सुरकुती उठली न्हाई.