दोराच्या टोकाला

कडी लागली का नीट बघ. हा लाल दिवा सोडून दुसरा लावू नकोस, कागद वाया जाईल. आणि बाहेरून दार वाजलं तरी मी सांगितल्याशिवाय उघडू नकोस. धाकटे, आई चार दिवस का बोलत नाही, म्हणून तू माझा पिच्छा पुरवला आहेस ना? सांगते. शेवटचे चार फोटो छापायचे राहिलेत. तोवर सांगून होईल.

तुला माहीत आहे मी कशासाठी गेले होते. जुनी कामं बंद पडायच्या आधी ती फिल्मवर घ्यायची, एवढंच. त्या गावात दोर वळण्याची शेवटची शेड उरली होती. रस्त्यावरून दिसते ती नुसती लांबलचक पत्र्याची भिंत. आत मात्र तीनशे पावलांचा बोगदा. खिडकी एकही नाही. तागाची धूळ इतकी, की श्वास घेतला तरी जीभ खरखरीत होते. उजेड फक्त दारातून येतो आणि दारापाशीच एक म्हातारा चाक फिरवत बसलेला. चाकाच्या आकड्याला तागाचा पीळ अडकवलेला होता आणि तो पीळ सरळ ताणून अंधारात गेला होता.

"आजोबा, फोटो काढू?"

"काढ. पण इथूनच. त्या टोकाला जायचं नाही."

"का?"

"नाही म्हटलं ना."

'नाही म्हटलं ना' ऐकलं की माझं डोकं कसं फिरतं, ते तू बघतेसच. कारण विचारलं की यांचा अपमान होतो. मी तिथेच बसले आणि म्हटलं, कारण सांगितल्याशिवाय हलणार नाही.

मग त्याने कामाची पद्धत सांगितली. एक जण चाक फिरवतो. दुसरा कमरेला ताग गुंडाळून, हातांनी तो सोडत सोडत, मागे मागे चालत जातो. त्याचं तोंड कायम चाकाकडे. मागचं त्याला काही दिसत नाही. म्हणून शेवटी तिसरा माणूस उभा असतो. चालणारा जवळ आला की तो त्याच्या पाठीवर तळहात टेकवतो आणि 'पुरे' म्हणतो. मग पाळी बदलते. हात टेकवणारा पुढचा दोर घेऊन चालतो.

"आता कोण चालतंय?" मी विचारलं.

"भाऊ माझा."

"दिसत तर नाही."

"अकरा वर्षं झाली." त्याने चाक थांबवलं नाही. "टोकाच्या माणसाशी मी भांडलो होतो. त्याला हाकलून दिलं, आणि भावाला सांगितलंच नाही… मागचं दार उघडं होतं. दाराबाहेर दगडाची खाण. ते दार नंतर भिंत घालून बुजवलं. आता टोकाला कोणी नसलं की तो भिंतीपर्यंत जातो आणि पुन्हा चाकापाशी येतो. कोणी उभं राहिलं, तर तो त्या माणसाकडे जातो."

मी हसले. तोंडावर हसले. म्हटलं, आजोबा, पीळ भिंतीतल्या खिळ्याला बांधलाय, मी बघून येते. तो ओरडला, पण जागचा उठला नाही.

टोकाला गेले आणि वळले. काय दिसत होतं सांगू! एवढासा उजेडाचा चौकोन, त्यात म्हाताऱ्याची काळी आकृती, आणि त्याच्यापासून माझ्या दिशेने आलेली ती एक रेघ. पीळ खिळ्याला बांधलेला नव्हता. माझ्या बऱ्याच पुढे, हवेतच तो संपत होता. ते मला कॅमेऱ्यातून दिसलं, तरी मी तीन फोटो काढले. चौथ्याच्या वेळी आवाज आला. आधी टाच टेकण्याचा, मग बोटं. टप… घस्स. टप… घस्स. ओल्या तागाचा वास आला. तिथे तर सगळं कोरडं ठणठणीत होतं.

भिंतीला चिकटून मी दारापर्यंत कशी आले, विचारू नकोस.

"हात टेकवलास?" म्हातारा म्हणाला.

"कोणावर? कोणी नव्हतंच."

तेव्हा त्याने चाक सोडलं. उठला, हात झटकले, बोटं एकेक करून सरळ केली. "मग येईल तो. तू जाशील तिथे येईल." माझ्याकडे नीट बघितलंही नाही त्याने. "फोटो मिळाला ना? चल, नीघ आता. मला झोपायचंय."

येताना बसमध्ये मला कळलं, धाकटे. त्याने मला आल्या आल्याच ओळखलं होतं. 'जा' म्हणाला असता तर मी गेले नसते.

हा बघ, उमटतोय. हा बसथांबा. माझ्याशिवाय तिथे चिटपाखरू नव्हतं. लांब, त्या खांबाशी… पाठमोरा, वाकलेला, कमरेला ताग. आता हा लॉजचा व्हरांडा. किती जवळ आलाय बघ. हा आपल्या फाटकाचा. शर्टाची शिवणसुद्धा दिसते.

राहिला शेवटचा. तो घरात काढलेला आहे. रोल संपवायचा म्हणून मी घरातल्या बोळातून जिन्याच्या रिकाम्या पायऱ्यांचा फोटो घेत होते. आई शेजारी येऊन उभी राहिली. "आल्यापासून डोळ्याला ते यंत्र! जेवण निवलं." मी म्हटलं, एकच. तिने लेन्ससमोर हात धरला आणि म्हणाली, "पुरे!" मी हट्टाने बटण दाबलंच.

कागद हलवू नकोस. येऊ दे…

हा तिचा हात. विळीने कापल्याची ती खूण बघ. आणि हाताखाली ही… ही पाठ आहे. तळहात पूर्ण टेकलाय. आधीच्या सगळ्या फोटोंत त्याची कोपरं दुमडलेली होती, पुढे काहीतरी धरल्यासारखी. इथे बघ. हात मोकळे लोंबताहेत.

आई रागावलीय म्हणून पाठ फिरवून फिरते, असं तू म्हणालीस. मीही तेच धरून चालले होते. पण काल ती स्वयंपाकघरातून उलटी बाहेर आली, तेव्हा मी तिचे हात बघितले. हातांत काही नव्हतं, तरी बोटं काहीतरी सोडत होती. ओठ हलत होते. माझं नाव घेत होती ती, आवाज नव्हता.

ऐकलंस? टप… घस्स. रडू नकोस. दाराला टेकलीय ना, ती तिची पाठ आहे. तिला आपण दिसत नाही. कोणी थांबवलं नाही तर ती अशीच चालत राहील, आणि आपल्या मागे काय आहे? त्या काळ्या पडद्यामागे खिडकी. तिसऱ्या मजल्याची खिडकी.

हट्ट माझा होता. हात मीच टेकवणार. तू बोलू नकोस, मध्ये पडू नकोस. आई वळली की तिला घेऊन सरळ बाहेर जा आणि काहीही झालं तरी तू एकटी माझ्या वाटेत उभी राहू नकोस. माझी पाठ तुझ्याकडे येताना दिसली, तर पळ.

काढ कडी.

थांब… एक क्षण. ही करकर कुठून येतेय? स्वयंपाकघरातून. लाकडी चाकाची आहे, मी ओळखते.

पण म्हाताऱ्याने तर चाक सोडलं होतं ना? मग आपल्या घरात ते फिरवतंय कोण?