भट्टीतला सहावा

दुपारी बाराला कार्जोनोच्या डोळ्यात थेंब घालायचे होते आणि वेळेच्या बाबतीत मी कुणाचीच गय करत नाही. म्हणून बाटली घेऊन मी भट्टीत गेले. बाहेर रखरखीत ऊन होते. आत मात्र गच्च काळोख, कारण तापत्या काशाचा रंग ओळखता यावा म्हणून भट्टीच्या खिडक्या भरदुपारीही बंदच ठेवाव्या लागतात.

कार्जोनो माझा धाकटा भाऊ; मला म्बाक, म्हणजे ताई, म्हणतो. काशाचे गाँग, घुमणाऱ्या मोठ्या थाळ्या, घडवतो. चाळीस वर्षे निखाऱ्यांत रोखून पाहिल्याने त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावले: वय, मधुमेह, ऊन, तंबाखू ही कारणे असतातच, पण डोळ्यातल्या नितळ भिंगाला वर्षानुवर्षे आच लागली, की तेही अंड्याच्या पांढऱ्यासारखे गढुळते. महिन्यापूर्वी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटताच तो म्हणाला, "म्बाक, तू तर पार पिकलीस गं!" मला हसू आवरेना.

मात्र त्या स्वच्छ डोळ्याने पारखलेले दोन्ही गाँग तडकले. डोळे अंधारलेल्या दोन वर्षांत एकही तडकला नव्हता. आज तिसराही गेला, तर त्याची उस्तादाची जागा आमच्या पुतण्याला मिळणार होती.

"मान वर कर," मी म्हणाले.

"थांब, म्बाक." नव्या डोळ्यावर तळहात ठेवून त्याने गढूळ डोळ्याने कोपऱ्याकडे पाहिले. "प्रधान... झालं का?"

भट्टीत कुणी खरे नाव घेत नाही. प्रत्येकाला दरबारी नाव असते. पाचही हातोडेवाल्यांची नावे मला पाठ होती. त्यांत प्रधान नव्हता.

"पाकना सवयच आहे, बू," एकजण उस्तादाकडे बोट दाखवून मला हसत म्हणाला. "दोन वर्षं त्या भिंतीलाच विचारतायत."

"भिंत नाही रे. निखाऱ्यांपाशी उकिडवा बसतो. तो हात वर करतो, मी थाळी काढतो... नव्या डोळ्याला दिसतच नाही तो." मग एकदम उठून, "काढा!"

हातोडे पडू लागले. संध्याकाळी गाँग घुमला तेव्हा त्याचा नाद माझ्या बरगड्यांत उतरला आणि मीसुद्धा, या वयात, टाळ्या पिटल्या.

अतिपिकलेला मोतीबिंदू डोळाच घालवतो, हे पटवून मी त्याला दुसऱ्या शस्त्रक्रियेला नेले. जाता जाता डॉक्टरीणबाईंनी माझेही डोळे तपासले. उजव्यात सुरुवात होती.

"मी जन्मात भट्टीपाशी बसलेले नाही," मी म्हणाले.

"वयानेही होतो, बू."

पुढच्या गाँगच्या वेळी कार्जोनो दोन्ही स्वच्छ डोळ्यांनी, घामाघूम होऊन, निखाऱ्यांकडे पाहत होता.

"म्बाक... आहे का गं तो?"

मी डावा डोळा मिटला. आयुष्यभर वर्गातली मुले मोजली आहेत. माझी मोजणी चुकत नाही. पाच उभे होते. सहावा, तांबूस अंगाचा, निखाऱ्यांपाशी उकिडवा. तो काशाकडे पाहत नव्हता. माझ्याकडे पाहत होता. सावकाश त्याचा हात वर गेला.

"झालं," मी म्हणाले.

गाँग अखंड निघाला. कार्जोनोने मला लहानपणासारखे गरकन फिरवले.

डॉक्टरीणबाई माझ्या शस्त्रक्रियेची तारीख दोनदा विचारून गेल्या आहेत. मी अजून दिलेली नाही. परवापासून तो सहावा भट्टीत नसतो. माझ्या अंगणात, लख्ख उन्हात, दाराकडे तोंड करून उकिडवा बसतो.

हात अजून खालीच आहे.